प्रतिस्पर्ध्याचे वाचन

युरोपातील एखाद्या मोठ्या फुटबॉल सामन्याच्या आदल्या दिवशी प्रतिस्पर्धी संघाविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते वाङ्मयाच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावे, असे आमचे मत आहे. हे लेखन बहुधा दोन साच्यांत पडते. एक साचा स्तोत्राचा : समोरचा संघ अजिंक्य, त्याचा आघाडीवीर अद्वितीय, आपले काय होणार कोण जाणे! दुसरा साचा उपेक्षेचा : नाव मोठे नि लक्षण खोटे, आमच्या मैदानावर येऊ देत, मग पाहू! दोन्ही साच्यांत विशेषणांची रेलचेल असते आणि क्रियापदांचा दुष्काळ. समोरचा संघ किती थोर किंवा किती सामान्य, हे कळते. तो मैदानावर नेमके करतो काय, हे कळत नाही. मराठी ग्रंथपरीक्षणांशी ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना ही तऱ्हा अपरिचित वाटू नये.

प्रतिस्पर्ध्याचे मूल्यमापन ही मुळात वाचनाचीच क्रिया आहे, आणि त्यात होणाऱ्या चुका या वाचनाच्याच चुका असतात, असे आम्हांस वाटते. हे म्हणणे स्पष्ट करण्यासाठी १९५३-५४ या एका वर्षातील काही सामन्यांचा आधार घेत आहोत. फुटबॉलच्या जाणकारांना ते ठाऊक आहेत. परंतु त्यांकडे वाचनव्यवहार म्हणून पाहिले, तर काही वेगळे हाती लागते.

२५ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर इंग्लंड आणि हंगेरी समोरासमोर आले. ब्रिटिश बेटांबाहेरच्या एकाही देशाने तोवर इंग्लंडला त्याच्या भूमीवर हरवलेले नव्हते. हंगेरीचा संघ मे १९५० पासून अपराजित होता आणि १९५२ साली हेलसिंकी येथे त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवले होते. म्हणजे पाहुणा बलाढ्य आहे, ही गोष्ट कुणापासून लपलेली नव्हती. तरीही सुमारे लाखभर प्रेक्षकांसमोर हंगेरीने पहिल्याच मिनिटात गोल केला, अर्ध्या तासाच्या आत ४-१ अशी आघाडी घेतली आणि सामना ६-३ असा जिंकला.

या पराभवाची कारणे पुष्कळ सांगितली गेली आहेत. आम्हांला त्यांतले सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते एका आकड्याचे प्रकरण. हंगेरीच्या नांदोर हिदेगकुटीच्या पाठीवर ९ हा क्रमांक होता. इंग्लिश फुटबॉलमध्ये ९ क्रमांकाचा खेळाडू म्हणजे सेंटर फॉरवर्ड. तो आघाडीच्या टोकाला उभा राहणार, आणि ५ क्रमांकाच्या बचावपटूने त्याला सावलीसारखे चिकटून राहायचे, हा तेथील संकेत. त्या दिवशी इंग्लंडकडून ५ क्रमांकाची जर्सी हॅरी जॉन्स्टनच्या अंगावर होती. हिदेगकुटी मात्र टोकाला उभाच राहिना. तो मागे, मधल्या फळीच्या आसपास वावरत होता. तेथून चेंडू पुढे देत होता आणि संधी दिसताच स्वतः धावून येत होता. जॉन्स्टनपुढे पेच पडला. त्याच्या मागे जावे, तर बचावफळीच्या मध्यभागी खिंडार पडते आणि त्यात पुश्काश व कोचिश शिरतात. जागेवर थांबावे, तर हिदेगकुटीला मैदान मोकळे मिळते. सामना संपला तेव्हा हिदेगकुटीच्या नावावर तीन गोल होते.

आकडा खोटा नव्हता. त्या आकड्याचा इंग्लंडमध्ये रूढ असलेला अर्थ हंगेरीच्या खेळाला लागू नव्हता, इतकेच. आणि हा अर्थ तरी किती जुना होता? १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. त्यानंतर हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनल संघाने मध्यभागीच्या खेळाडूला मागे ओढून बचावाची जी मांडणी प्रतिष्ठित केली, तिच्यातून सेंटर फॉरवर्डवर पहारा ठेवणारा ५ क्रमांकाचा बचावपटू घडला. इंग्लिश लीगमध्ये जर्सीवर क्रमांक घालणे सक्तीचे झाले ते १९३९ साली. म्हणजे मांडणीला तीस वर्षेही झाली नव्हती आणि आकड्यांना पंधराही नाहीत. पण तेवढ्यात हा संकेत सूर्य पूर्वेला उगवण्याइतका स्वाभाविक वाटू लागला होता. वाङ्मयप्रकारांच्या बाबतीत असे घडते, हे आपण जाणतो. कादंबरी अशीच असते, लघुकथेचा शेवट असाच होतो, असे म्हणता म्हणता संकेताचा नियम होतो, आणि नियम मोडणारी कृती समोर आली की वाचक भांबावतो.

याहून गंभीर बाब अशी की, या नव्या खेळाची संहिता गुप्त मुळीच नव्हती. ऑस्ट्रियाचा माथियास झिंडेलार हा मागे सरकून खेळणारा सेंटर फॉरवर्ड डिसेंबर १९३२ मध्ये लंडनलाच येऊन खेळून गेला होता. तो सामना इंग्लंडने ४-३ असा कसाबसा जिंकला होता. बुडापेस्टच्या एमटीके क्लबमध्ये मार्तोन बुकोवी यांनी हीच कल्पना विकसित केली होती. वेम्बलीच्या सामन्याआधी अवघे दहा दिवस, १५ नोव्हेंबरला, स्वीडनने बुडापेस्टमध्ये हंगेरीला २-२ असे बरोबरीत रोखले होते. त्या स्वीडिश संघाचे प्रशिक्षक जॉर्ज रेनर हे इंग्लिश गृहस्थ होते, आणि हिदेगकुटीवर पहारा बसवल्याखेरीज हंगेरीला आवरता येणार नाही, हे त्यांनी ओळखले होते. पुरावा उपलब्ध होता; त्याचे वजन ओळखणारे मन तयार नव्हते. इंग्लंडचे व्यवस्थापक वॉल्टर विंटरबॉटम अभ्यासू होते, पण संघ निवडण्याचा अधिकार निवड समितीकडे होता. एवढ्या प्रतिस्पर्ध्यासमोर त्या समितीने दोन खेळाडूंना आंतरराष्ट्रीय पदार्पणाची संधी दिली. आपल्या परंपरेवरचा हा विश्वास म्हणावा की समोरच्याविषयीचे अनौत्सुक्य, हे वाचकांनी ठरवावे.

आता दुसऱ्या बाजूचे वाचन पाहावे. हंगेरीचे प्रशिक्षक गुस्ताव शेबेश महिनाभर आधी वेम्बलीवर हजर होते. २१ ऑक्टोबर १९५३ रोजी इंग्लंड आणि उर्वरित युरोप यांच्यातला ४-४ असा बरोबरीत सुटलेला सामना त्यांनी पाहिला. त्यांनी मैदानाची मोजमापे घेतली, इंग्लिश बनावटीचे चेंडू मायदेशी नेले, सरावाचे मैदान त्या मापाचे आखून घेतले आणि हंगेरीतील क्लबांना इंग्लिश पद्धतीने खेळायला लावून आपल्या संघाचा सराव करून घेतला. लंडनच्या वाटेवर पॅरिसमध्ये रेनो मोटारकारखान्याच्या संघाशीही एक सामना खेळवला. यात एकही विशेषण नाही. लांबी, रुंदी, चेंडूचे वजन, प्रतिस्पर्ध्याच्या हालचालींच्या सवयी एवढेच आहे. संहितेचा बारकाईने अभ्यास म्हणतात तो याहून वेगळा काय असतो? शेबेश यांच्या हाताशी सरकारी यंत्रणा होती आणि ती एका एकपक्षीय राजवटीची होती, हे विसरता येत नाही. परंतु मैदानाची लांबी मोजायला राजवट लागत नाही, कुतूहल लागते.

या कथेत एक विलक्षण गाठ आहे. हंगेरीच्या खेळाचे एक मूळ इंग्लंडमध्येच होते. जिमी होगन हे इंग्लिश प्रशिक्षक पहिल्या महायुद्धाच्या काळात बुडापेस्टमध्ये अडकून पडले आणि तेथे एमटीकेच्या तरुणांना त्यांनी जमिनीलगतच्या, आखूड पासांच्या खेळाचे धडे दिले. वेम्बलीच्या विजयानंतर हंगेरीच्या फुटबॉल संघटनेने आपल्या विजयाचे श्रेय होगन यांच्या शिकवणुकीला दिले. मायदेशाने मात्र त्यांची तेवढी कदर केली नव्हती. परके म्हणून ज्याची उपेक्षा करावी, त्याच्या वहीत आपलीच हरवलेली पाने सापडावीत, असा हा प्रकार.

पराभवाने शहाणपण येते म्हणतात. पण ते आपोआप येत नाही. सहा महिन्यांनी, २३ मे १९५४ रोजी, बुडापेस्टच्या परतीच्या सामन्यात हंगेरीने इंग्लंडला ७-१ असे हरवले. वेम्बलीवर खेळलेल्यांपैकी सहा जणांना इंग्लंडच्या संघात पुन्हा स्थान मिळाले नाही. माणसे बदलली होती. वाचण्याची रीत बदलली नव्हती.

मग हंगेरी हा आदर्श वाचक, असे म्हणून थांबावे काय? इतिहास तसे थांबू देत नाही. स्वित्झर्लंडमधील विश्वचषक स्पर्धेत २० जून १९५४ रोजी बाझल येथे हंगेरीने पश्चिम जर्मनीचा ८-३ असा धुव्वा उडवला. जर्मन प्रशिक्षक झेप हर्बर्गर यांनी त्या दिवशी आपले अनेक प्रमुख खेळाडू बाहेर ठेवले होते. पुढच्या फेरीसाठी तुर्कस्तानशी पुन्हा गाठ घालण्याची वाट नियमांनी मोकळी ठेवली आहे, हे त्यांनी हेरले होते. तो सामना त्यांनी ७-२ असा जिंकला. ४ जुलैला बर्नमध्ये अंतिम सामन्यात हंगेरीने आठ मिनिटांत दोन गोल केले. पण आता समोर खरा जर्मन संघ होता. होर्स्ट एकेल हिदेगकुटीच्या पाठीशी लागला होता, पाऊस कोसळत होता, आणि हेल्मुट रानने अखेरच्या मिनिटांत गोल करून सामना ३-२ असा फिरवला. बाझलमध्ये हंगेरीने जे वाचले, ती निम्मी पाने काढून घेतलेली प्रत होती. त्याच सामन्यात जायबंदी झालेला पुश्काश पुरता बरा नसताना अंतिम सामन्यात उतरला, हेही खरे. पण आठ गोलांच्या आठवणीने प्रतिस्पर्धी ओळखीचा झाला आहे असे वाटणे, हाही धोकाच होता. एकदा वाचलेली कृती पुन्हा उघडण्याची गरज उरली नाही, असे ज्याला वाटते, त्याचे वाचन तेथेच संपते.

येथे कुणी आक्षेप घेईल की, हे सारे पश्चात्बुद्धीचे आहे. पुश्काश, कोचिश, बोझिक यांच्यासारखी प्रतिभा समोर असताना कितीही अभ्यास केला तरी इंग्लंड हरलेच असते. आक्षेपात तथ्य आहे. जॉन्स्टनने हिदेगकुटीला रोखले असते, तरी पुश्काशच्या डाव्या पायाचे काय? तिसऱ्या गोलाच्या वेळी त्याने तळव्याने चेंडू मागे ओढला आणि कर्णधार बिली राइट रिकाम्या जागेवर झेपावत गेला, ते कोणत्या टिपणात आधी लिहून ठेवता आले असते? प्रतिभेचा असा अंश प्रत्येक वाचनाला पुरून उरतो. परंतु स्वीडनची बरोबरी हे त्याचे उत्तर आहे. नेमके वाचन विजयाची हमी देत नाही. ते आपल्याला सामन्यात ठेवते. शिवाय, न वाचता हरणारा संघ आपण कशाने हरलो, हेही सांगू शकत नाही, आणि म्हणूनच तो पुन्हा ७-१ असा हरतो.

आमच्या वर्गांपुरता याचा अर्थ आम्ही असा घेतो. साहित्यकृती विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते ती पाठीवर क्रमांक घेऊनच : ग्रामीण, दलित, स्त्रीवादी, अस्तित्ववादी, महानगरीय. हे क्रमांक निरुपयोगी नाहीत. प्रेक्षकाला खेळाडू ओळखायला जर्सीचा उपयोग होतोच. परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत बहुतेक वेळा त्या क्रमांकाचेच वर्णन असते. ‘ग्रामीण’ म्हटले की बोली, निसर्ग आणि दारिद्र्य ही तीन उत्तरे तयार असतात. कृती मात्र तोवर मागे सरकून कुठेतरी भलतीकडेच खेळत असते. गाईडांना दोष देणे सोपे आहे. पण दहा गुणांचा जो प्रश्न आपण काढतो, तो क्रमांक विचारतो की हालचाल, हे तपासणे प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांच्या हाती आहे. ‘या कादंबरीतील ग्रामीणता स्पष्ट करा’ असे विचारण्याऐवजी ‘ग्रामीण कादंबरीकडून तुमची जी अपेक्षा होती, ती येथे कोठे मोडली?’ असे विचारले, तर विद्यार्थ्याला पुस्तक उघडावेच लागेल.

बलाढ्य प्रतिस्पर्ध्याविषयी आदर बाळगावा, असे सगळेच सांगतात. तो आदर म्हणजे हार घालणे नव्हे. समोरचा काय करतो ते आपल्या सोयीच्या शब्दांत न कोंबता पाहणे, आणि पाहून झाल्यावरही पुन्हा पाहायला जाणे, हा खरा आदर. शेबेश यांनी तो इंग्लंडला दिला होता, रेनर यांनी हंगेरीला. पुढच्या वेळी एखाद्या मोठ्या सामन्याआधी ‘अजिंक्य’, ‘बलाढ्य’, ‘कागदी वाघ’ असे शब्द कानी पडतील, तेव्हा वाचकांनी बोलणाऱ्याला एवढेच विचारावे : त्यांचा नऊ क्रमांकाचा खेळाडू नेमका उभा कुठे राहतो?