ळ ऐकू येणारे स्पीकर



घरी गाणं ऐकायला स्पीकर कोणते घ्यावेत, हा विषय आमच्या इंदूरच्या सकाळी फिरणाऱ्या मंडळींत हल्ली वरचेवर निघतो. मुलं पुण्या-बंगलोरहून साउंडबार पाठवतात, दुकानदार कमरेएवढे उंच स्पीकर दाखवतो. मला विचाराल तर दोन्ही नकोत. आपल्यासारख्यांच्या १२ बाय १४ च्या हॉलला, आणि आपण जे ऐकतो त्याला (ख्याल, भावगीतं, नाट्यपदं, जुन्या कॅसेट, रेडिओवरचं बोलणं), पुस्तकांच्या फळीवर मावेल अशी ब्रिटिश घडणीची लहान जोडी पुरते. नुसती पुरते असं नाही, तीच बरी. मी बी.कॉम. झालेला, बँकेत लेजरं तपासण्यात जन्म गेलेला माणूस. ध्वनिशास्त्र शिकलेलो नाही. पण ताळेबंद जुळतो की नाही एवढं कळतं, त्या हिशेबाने लिहितो.

आधी थोडा इतिहास, कारण तो कळल्याशिवाय या लहान पेट्यांचं मर्म कळत नाही. (पेटी म्हणजे इथे हार्मोनियम नव्हे.) १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बीबीसीला बाहेरच्या प्रसारणाच्या गाड्यांत एक अडचण होती. गाडीत जागा हातभर, स्टुडिओतले मोठे स्पीकर मावत नाहीत, आणि हेडफोन लावून आवाजाचा नीट अंदाज येत नाही. मग त्यांच्या इंजिनिअरांनी एक फुटभर उंच, साडेसात इंच रुंद, जेमतेम पाच लिटर पोटाची बंद पेटी तयार केली. नाव एलएस ३/५ए. एलएस म्हणजे लाउडस्पीकर, ३ हा आकडा बाहेरच्या प्रसारणाचा. नाव एखाद्या फाइलच्या नंबरासारखं, सरकारी छापाचं, म्हणून मला लगेच आवडलं.

खरी गोष्ट पुढे आहे. ही मंडळी स्पीकर तपासायची कशी? यंत्रांनी मोजायचीच, पण शिवाय एका खोलीत माणसाला बोलायला बसवायचं, तेच बोलणं दुसऱ्या खोलीत स्पीकरवर ऐकायचं, आणि पुन्हा जाऊन खऱ्या माणसाला ऐकायचं. ओळखीच्या माणसाचा आवाज ही कसोटी. ढोल नाही, तोफ नाही. आपल्याला आयुष्यभर ऐकलेल्या आवाजातली खोट चटकन कळते. फोनवर नुसतं "हॅलो" म्हटलं की मुलीला सर्दी झालीय हे आई ओळखते, तसं.

बीबीसी स्वतः कारखाना चालवत नव्हती. तिने परवाने दिले. रॉजर्स, स्पेंडर, हार्बेथ अशा कंपन्यांनी त्याच नकाशावर, त्याच मापाने ही पेटी केली. आतले दोन्ही स्पीकर मात्र केफ कंपनीचेच: पाच इंची वूफर आणि लहानसा ट्विटर. एक गंमत सांगतो. हार्बेथ हे नाव डडली हारवूड या बीबीसीच्या इंजिनिअरच्या आडनावातून आणि पत्नी एलिझाबेथच्या नावातून झालंय. स्पेंडर हे स्पेन्सर ह्यूजेस आणि पत्नी डोरोथी यांच्यातून. आमच्या बँकेच्या भाषेत दोन्ही जॉइंट अकाउंट, आयदर ऑर सर्व्हायव्हर.

आता तुलना. माझ्याकडे रॉजर्सची जुनी १५ ओहमची जोडी आहे. आमच्या शेजारचे डॉक्टर इंग्लंडहून परतले तेव्हा आणली होती, पुढे त्यांच्या मुलांना नको होती. गेल्या दिवाळीत भाचा आला तो केफची एलएस ५० घेऊन आला, आणि समोरच्यांकडे वॉर्फडेलची डायमंड आहे. चार दिवस तिन्ही जोड्या माझ्या हॉलमध्ये, त्याच अॅम्प्लिफायरवर, त्याच दोन स्टँडांवर आळीपाळीने लावल्या. सौ. म्हणाली, घरात लक्ष्मीपूजन आहे की स्पीकरपूजन.

वॉर्फडेल हे जुनं घराणं. गिल्बर्ट ब्रिग्ज यांनी १९३२ मध्ये यॉर्कशायरला घराच्या तळघरात सुरू केलेलं. आज मालकी आणि कारखाना चीनकडे. डायमंड ही त्यांची १९८० च्या दशकापासूनची स्वस्त लहान पेटी, पिढ्यामागून पिढ्या निघत आलेली. किमतीच्या मानाने तिला दोष देणं अन्यायाचं होईल. बाबूजींच्या गीतरामायणातले शब्द स्वच्छ येतात, आवाज प्रसन्न आहे, आणि साध्या अॅम्प्लिफायरवरही ती चालते. मात्र तानपुऱ्याची जवार थोडी सपाट होते. चार तारा ऐकू येतात, तारांमधून उठणारं ते गुंजन कमी येतं.

केफची एलएस ५० ही २०१२ मध्ये कंपनीच्या पन्नाशीनिमित्त निघाली, एलएस ३/५ए चं स्मरण ठेवूनच. हिच्यात ट्विटर वूफरच्या मधोमध बसवलेला आहे, म्हणजे सगळा आवाज एकाच बिंदूतून निघतो. याचा फायदा लगेच कळला: सोफ्याच्या कडेला बसलो तरी गाणारा मधेच राहतो. तबल्याचं बोट कुठे पडलं ते दिसतं म्हणा ना. पण रेकॉर्ड खराब असेल तर ही पेटी ते सांगितल्याशिवाय राहत नाही. ७८ च्या तबकड्यांवरून उतरवलेलं माणिकताईंचं गाणं तासभर ऐकलं आणि कान थकले. भाच्याला ते पटत नाही. तो ३४ वर्षांचा आहे, त्याचे कान वेगळे.

रॉजर्सची जोडी या दोघींपुढे वयाने म्हातारी, आवाजाला मर्यादा असलेली. मोठा आवाज केला की श्वास लागतो. खालच्या सुरांना तिने किंचित उठाव दिलाय, जाणकार म्हणतात तो मुद्दाम ठेवलेला आहे, लहान पेटी पोकळ वाटू नये म्हणून. पण माणसाचा गळा तिच्यातून जसा येतो तसा बाकी दोघींतून आला नाही. कुमारजींचं निर्गुणी भजन लावलं. क्षयानंतर त्यांनी श्वासाच्या मापाने गाणं कसं बांधलं ते आपण वाचलेलं असतं. इथे तो श्वास घेतलेला ऐकू येतो, आणि मग सूर. देवास आमच्याहून ३५-४० किलोमीटरवर, त्यांना समोर बसून ऐकलेले लोक अजून आहेत. त्यांच्यापैकी एकांना मुद्दाम बोलावलं होतं. ते काही बोलले नाहीत, दुसरी बाजू लावा म्हणाले.

आता आक्षेप येईल की लहान पेटीत खर्ज कुठला. आक्षेप रास्त आहे, म्हणून आकडे मांडतो. काळी एकचा षड्ज धरला तर मधला सा सुमारे १३९ हर्ट्झवर येतो, मंद्र पंचम १०४ वर आणि मंद्र सा ६९ वर. एलएस ३/५ए काय किंवा एलएस ५० काय, साधारण ८० हर्ट्झपर्यंत भरवशाने उतरतात. म्हणजे अमीर खाँसाहेबांच्या त्या मारवा-दरबारीच्या रेकॉर्डवर दरबारीत ते मंद्र पंचमापर्यंत येतात तोवर पेटी सोबत असते. त्याखाली ती हळूहळू मागे राहते, पण वरच्या स्वरांशांवरून आपला कान खालचा सूर स्वतः पुरा करून घेतो. हा कानाचा धर्मच आहे. तोफा आणि विमानं ऐकायची असतील तर दुसरी वस्तू घ्यावी. एका मोठ्या दुकानात मला अर्धा तास हेलिकॉप्टरच ऐकवलं. आमच्या घरात हेलिकॉप्टर येत नाही.

दुसरी बाजू अॅम्प्लिफायरची. या जुन्या पेटीची संवेदनशीलता ८३ डेसिबलच्या आसपास, एलएस ५० ची ८५, आणि आजच्या अनेक स्पीकरांची ८८. फरक लहान दिसतो, पण व्याजावर व्याज चढतं तसा हा हिशेब आहे: दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट. ८८ च्या स्पीकरला जे काम दहा वॉटमध्ये होतं त्याला ८३ ची पेटी तीस मागते. म्हणून वीस वर्षांपूर्वीच्या टू-इन-वनला या पेट्या जोडून "काही दम नाही" म्हणू नये. ४०-५० वॉटचा प्रामाणिक अॅम्प्लिफायर लागतो. त्याहून जास्त वॉटची आपल्या हॉलला गरज नाही.

आणि त्यांना खरंच पुस्तकांच्या फळीवर कोंबू नका, नाव काहीही असो. आपल्याकडे शोकेसमध्ये, गणपती आणि मेडल यांच्या मधे, वर क्रोशाचा रुमाल घालून स्पीकर ठेवायची पद्धत आहे. तिथे आवाज मडक्यात बोलल्यासारखा घुमतो. ट्विटर बसल्यावर कानाच्या रेषेत यावा एवढा उंच, म्हणजे दोन फुटांचा स्टँड, मागे भिंतीपासून दीड-दोन फूट. एलएस ५० ला मागून भोक आहे, तिला जागा जास्त लागते. बंद पेटी भिंतीजवळ जरा सोसून घेते. स्टँड सुताराकडून सागवानी करून घेतला तरी चालतो, डुगडुगता कामा नये इतकंच.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो ते सांगतो. माझ्याकडे आईची एक कॅसेट आहे, १९८४ ची, टू-इन-वनच्या आतल्या माइकवर केलेली. ती स्वयंपाकघरात ओव्या म्हणतेय, मागे स्टोव्ह, मधेच शेजारणीशी बोलणं, "काय करून राह्यली गं" असं आमचं इंदुरी मराठी. नातू हिंदी वातावरणात वाढलेला, शाळा इंग्रजी. तो बाळ म्हणायचं तर "बाल" म्हणतो, काळाचा "काला" होतो. आम्ही दुरुस्त करतो, तो म्हणतो, मी तेच तर म्हणतोय. त्याला फरकच ऐकू येत नव्हता.

साउंडबारवर ही कॅसेट लावली की आई पलीकडच्या खोलीत तोंडाला पदर धरून बोलतेय असं वाटतं. खाली गुरगुर, वर फीत सरकल्याचा फुसफुसाट, आणि मधलं बोलणं दबलेलं. ल आणि ळ यांतला फरक बराचसा दोन ते तीन हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि नेमक्या याच मधल्या पट्ट्यावर त्या बीबीसीवाल्यांनी सगळी मेहनत घेतलेली. रॉजर्सवर लावली तेव्हा नातवाने वही बाजूला ठेवली आणि विचारलं, पणजी जीभ मागे का नेते? त्याला न दिसता जीभ दिसली. मग दोघांनी मिळून पंधरा मिनिटं "काळी कळ" म्हणण्यात घालवली. अजून त्याला रोज जमतं असं नाही.

आपण महाराष्ट्राबाहेरचे. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, प्रत्येक गावच्या मराठीला आपापला हेल आहे आणि तो पुस्तकात छापता येत नाही. तो राहिलाय तो कॅसेटींत, आणि त्या कॅसेटी माळ्यावर. त्या डिजिटल करून घेणारे पुष्कळ आहेत, चांगलं आहे. पण करून घेतलेलं ऐकायचं कशावर, मोबाइलवर? मुलं तेच करतात आणि दहा सेकंदांत कंटाळतात. दोष मुलांचा नाही, त्या मोबाइलमधून पणजी येतच नाही.

आपल्या वयाचाही भाग आहे. साठीनंतर वरचे सूर कानाला कमी पोचतात, स, श, त, क हे धूसर होतात, आणि आपण म्हणतो हल्लीचे लोक तोंडातल्या तोंडात बोलतात. त्यात बास वाढवला की उरलंसुरलं झाकलं जातं. तपासणी करून यंत्र लावायचं ते लावावंच, स्पीकर हा त्याला पर्याय नाही. पण घरात आजी-आजोबा टीव्हीसमोर गप्प बसून असतात त्याचं एक कारण त्यांना शब्द सुटे ऐकू येत नाहीत हे असतं.

पैशाचं बोलतो. डायमंड काही हजारांत येते. एलएस ५० लाखाच्या घरात, हार्बेथची आजची लहान पेटी त्याच्या बरीच वर. जुन्या एलएस ३/५ए चे भाव शौकिनांनी इतके चढवलेत की मी तिला आता लॉकरची वस्तू समजतो. फाल्कन नावाची कंपनी नव्याने बनवते, तीही स्वस्त नाही. ज्याला निवृत्तिवेतनातून घ्यायचंय त्याला मी डायमंड, दोन चांगले स्टँड आणि बरा अॅम्प्लिफायर सांगेन, आणि उरलेल्या पैशांत कॅसेट डेक दुरुस्त करून घ्या म्हणेन. जुनी जोडी मिळत असेल तर वूफरची कड बोटाने हलकेच दाबून पाहा. स्पंजची असेल तर चुरा होऊन हातात येते. या जुन्या केफच्या वूफरची कड रबरी, म्हणून चाळीस वर्षं टिकलीय.

भाचा एलएस ५० परत घेऊन गेला, रॉजर्स जागेवर आहे. कोणाला ऐकून पाहायचं असेल तर रविवारी दुपारी चारनंतर मी घरीच असतो. येताना घरातल्या कोणाची तरी कॅसेट आणा, आणि एक पेन्सिल आणा. फीत सैल झालेली असते, आधी ती गुंडाळून घ्यावी लागेल.