पडद्यावरचे वळण आणि आंबेनळीचे वळण



टीव्हीला कन्सोल जोडून मोटारींच्या शर्यती खेळणारी मुले आता महाड-पोलादपुरातही आहेत, आणि त्यांच्याविषयी दोन मते हमखास ऐकू येतात. घरातली मोठी माणसे म्हणतात, यात वेळ जातो, डोळे बिघडतात आणि उद्या ही पोरे घाटात अशीच गाडी हाकतील. मुले म्हणतात, छे, हा खेळ इतका हुबेहूब आहे की आम्हाला गाडी चालवता येऊ लागली आहे! माझ्या मते दोघांचेही अर्धेच खरे आहे. ते अर्धे कोणते, हे ठरवायला शाळेतले पदार्थविज्ञान पुरते.

आधी मुलांची बाजू घेऊ. 'ग्रॅन टुरिस्मो' हा खेळ काझुनोरी यामाउची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ च्या डिसेंबरात जपानमध्ये प्लेस्टेशनसाठी आणला. अशा खेळात गाडी म्हणजे नुसते चित्र नसते. प्रत्येक चाकावर किती भार आहे, ब्रेक दाबल्यावर तो पुढच्या चाकांवर किती सरकला, टायरची पकड कुठे संपते, याचे गणित यंत्र सतत करत असते. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे उमटतात असे धरले, तर ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका चित्रापासून दुसऱ्यापर्यंत जेमतेम ३३ सेंटिमीटर पुढे सरकते. शर्यतीचे रस्तेही अनेकदा लेसर किरणांनी मोजून घेतलेले असतात. जर्मनीतल्या नूरबर्गरिंगचा जुना, २०.८ किलोमीटरचा डोंगरी मार्ग आज हजारो मुलांना पाठ आहे. (हा मार्ग १९२७ साली खुला झाला. आपल्या महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तेच हे वर्ष.)

हे गणित खोटे नाही, याचा पुरावाही आहे. निस्सान कंपनी आणि प्लेस्टेशन यांनी २००८ साली या खेळातल्या निष्णात खेळाडूंतून खरे शर्यतपटू निवडण्याचा उपक्रम सुरू केला. लुकास ओर्डोनेझ हा त्याचा पहिला विजेता. २०११ चा विजेता यान मार्डनबरो पुढे २०१३ साली फ्रान्समधल्या ले मान्सच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरला. म्हणून 'हा नुसता पोरखेळ' असे कोणी म्हणाले तर ते मला मान्य नाही. मात्र या मुलांना कन्सोलवरून उचलून थेट शर्यतीत बसवले नव्हते. मध्ये खऱ्या गाडीवरचे कसून शिक्षण होते. आणि याच मार्डनबरोची गाडी मार्च २०१५ मध्ये नूरबर्गरिंगवर एका उंचवट्यावरून जाताना नाकाकडून उचलली गेली, खाली हवा शिरून उलटली आणि कुंपणापलीकडे पडली. त्यात एका प्रेक्षकाचा जीव गेला. चालकाच्या कौशल्याबद्दल शंका नव्हती, तरीही हे घडले.

आता वळणाचे गणित पाहू या. वळणावर गाडीला आत ओढणारे अभिकेंद्री बल टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळते. सपाट वळणावर गाडी न घसरता जास्तीत जास्त किती वेगाने जाईल, याचे सूत्र असे:

वेगाचा वर्ग = घर्षणांक × गुरुत्वत्वरण × वळणाची त्रिज्या

यात गाडीचे वस्तुमान कुठेच नाही, हे लक्षात आले का? पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटातले एखादे केसाच्या आकड्यासारखे वळण घ्या आणि त्याची त्रिज्या १५ मीटर धरा. कोरड्या डांबरावर घर्षणांक ०.७ मानला तर उत्तर येते सेकंदाला सुमारे १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. पावसात घर्षणांक निम्मा, ०.३५ झाला, तर ताशी २६. डोंगरातून वाहून आलेली माती रस्त्यावर पसरून तो ०.२ वर उतरला, तर ताशी १९ किंवा २०. रस्ता तोच, गाडी तीच, चालकही तोच!

खेळात हेच सूत्र चालते. फरक एवढाच, की तिथे घर्षणांक यंत्राला ठाऊक असतो आणि दोन-चार फेऱ्यांत तो खेळणाऱ्याच्या बोटांनाही ठाऊक होतो. तेच वळण तो शंभर वेळा घेतो. घाटात वळण पहिल्यांदाच येते, असे समजूनच घ्यावे लागते. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. सकाळी धुऊन निघालेल्या वळणावर दुपारी चिखल असतो आणि संध्याकाळी दगड. २०२१ च्या जुलैमधल्या अतिवृष्टीत तर हा रस्ताच ठिकठिकाणी खचला होता.

माझा खरा आक्षेप याहूनही वेगळ्या गोष्टीला आहे. शर्यतीचा खेळ जी पहिली युक्ती शिकवतो ती अशी: वळणापूर्वी रस्त्याच्या बाहेरच्या कडेला जा, मध्यावर आतली कड गाठा आणि पुन्हा बाहेर निघा. का? कारण असे केल्याने गाडीच्या वाटेची त्रिज्या वाढते. त्रिज्या दीडपट झाली की सूत्राप्रमाणे वेग सुमारे २२ टक्क्यांनी वाढवता येतो. युक्ती बिनचूक आहे, पण तिला रस्त्याची पूर्ण रुंदी लागते. शर्यतीच्या मार्गावर सगळ्या गाड्या एकाच दिशेने जातात, म्हणून ती रुंदी मिळते. आपण डावीकडून गाडी चालवतो. डाव्या वळणावर ही युक्ती करायची तर सुरुवातीलाच उजवी, समोरून येणाऱ्यांची बाजू घ्यावी लागेल. उजव्या वळणावर करायची तर नेमके मधोमध तिथे शिरावे लागेल. म्हणजे वळण कोणतेही असो, ज्या जागेवर खेळणाऱ्याची बोटे सवयीने वळतात, त्या जागेवर वरंध घाटात किंवा आंबेनळीत एसटी असते. शिवाय कड्यामुळे ती दिसत नाही. खेळातली चूक विसरता येते. तिथे अंगवळणी पडलेली बरोबर गोष्ट विसरणे फार अवघड जाते.

धुक्याचेही गणित करून पाहा. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. अडथळा दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद गेला, तर ११ मीटर तिथेच संपले. ओल्या रस्त्यावर थांबायला आणखी १८ मीटर. एकूण २९. जुलैत धुके उतरले की २० मीटरवरचे दिसत नाही, तेव्हा काय करायचे?

उताराची गोष्ट मुलांच्या ध्यानात सहसा येत नाही. बाराशे किलोची मोटार हजार मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे १ कोटी १८ लाख जूल ऊर्जा कुठेतरी जावी लागते. नुसते ब्रेक दाबत उतरलात तर ती सगळी उष्णता होऊन ब्रेकमध्ये साठते. एवढ्या उष्णतेने ४० लिटर पाणी २० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापेल. भरलेल्या बसच्या बाबतीत हा आकडा दहापट धरा. म्हणून जाणते चालक खालचा गिअर टाकून इंजिनाकडून गाडी आवरून घेतात. काही खेळांत ब्रेक तापण्याचे गणित असते, पण शर्यतीत उतार संपून लगेच चढ येतो. नूरबर्गरिंगवर सर्वांत उंच आणि सर्वांत सखल जागेत सुमारे ३०० मीटरांचाच फरक आहे. महाबळेश्वरहून पोलादपूरला येताना हजार मीटरांहून अधिक उतरावे लागते.

आणि खेळातला रस्ता कधी नाहीसा होत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला. दोन एसटी बस आणि इतर वाहने अंधारात नदीत गेली. २८ जुलै २०१८ ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळीत दरीत कोसळली आणि बसमधला एकच जण वाचला. या भागातल्या माणसांना वळणाची भीती वाटते ती या आठवणींमुळे. तिला अडाणीपणा म्हणू नका.

मग कन्सोल बंद करून माळ्यावर टाकायचा का? माझे मत स्पष्ट 'नाही' असे आहे. वेग दुप्पट झाला की थांबायचे अंतर चौपट होते, हे फळ्यावरून न पटलेल्या मुलाला खेळात दहा मिनिटांत पटते. शाळांनी याचा उपयोग करून घ्यावा. पण खेळात पहिला येणाऱ्या नववीतल्या मुलाच्या हाती स्कूटरची किल्ली देणे हा निव्वळ बेजबाबदारपणा आहे. २०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यात अशा पालकांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड सांगितला आहे. मला तो जास्त वाटत नाही.

आता एक प्रयोग करा. पाटीवर खोडरबर ठेवा आणि पाटीचे एक टोक हळूहळू उचला. खोडरबर घसरू लागताच थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले त्याच्या बरोबर खालच्या बिंदूपासून टेकलेल्या टोकापर्यंतचे आडवे अंतर, हा झाला घर्षणांक. मग पाटी ओली करून पाहा, नंतर तिच्यावर थोडी बारीक माती भुरभुरवून पाहा. तिन्ही आकडे वहीत लिहा. आंबेनळीच्या वळणांची त्रिज्या मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर कंपासने काढा. (रस्त्यावर टेप घेऊन उभे राहू नका, बरे का!) प्रत्येक वळणासाठी तीन वेग काढा आणि एखादा मित्र कन्सोलवर खेळत असेल, तर त्याला ते वाचून दाखवा.