शब्द बदलला तरी आकलन टिकावे

दहावीनंतर विज्ञान शाखेकडे वळणाऱ्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला पहिला धक्का विषयाचा नव्हे, भाषेचा बसतो. नववीत ज्याला त्याने 'संवेग' म्हटले, तेच अकरावीत 'मोमेंटम' होते आणि 'आवेग' हा 'इम्पल्स' म्हणून समोर येतो. केवळ व्याख्या पाठ केलेल्यास सारे नवे वाटते. कल्पना उमगलेल्यास फक्त एक शब्द शिकावा लागतो. म्हणून निवासी शाळांनी या दोन कल्पना फळ्याइतक्याच मैदानावर शिकवाव्यात, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वस्तुमान आणि वेग यांचा गुणाकार म्हणजे संवेग. गाळप हंगामात गंगाखेड-पाथरी भागातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आपल्या विद्यार्थ्यांच्या नित्य पाहण्यातले. अशा भरल्या वाहनाचे वस्तुमान २०,००० किलोग्रॅम व वेग सेकंदाला ५ मीटर धरला, तर संवेग १,००,००० किलोग्रॅम-मीटर प्रतिसेकंद होतो. सेकंदाला २० मीटर वेगाने जाणाऱ्या, स्वारांसह २५० किलोग्रॅमच्या मोटारसायकलचा संवेग ५,००० एवढाच. दोन्ही वाहने सारख्याच वेळात थांबवायची, तर संथ ट्रॅक्टरला वीसपट बल लागेल.

बल आणि ते कार्य करते तो काळ यांचा गुणाकार म्हणजे आवेग. तो संवेगातील बदलाइतका असतो. १६० ग्रॅमचा चेंडू सेकंदाला २० मीटर वेगाने हाती आला, तर ३.२ एकक संवेग शून्यावर आणावा लागतो. ताठ हातांनी ०.०१ सेकंदात अडवला, तर सरासरी ३२० न्यूटन बल सोसावे लागते. हात मागे घेत ०.१ सेकंदात झेलला, तर ३२ न्यूटन. विद्यार्थी बहुधा इथेच चुकतात. हात मागे घेतल्याने आवेग कमी होत नाही. तो तेवढाच राहतो. काळ वाढतो, म्हणून बल घटते. लांब उडीच्या खड्ड्यातील वाळू आणि हेल्मेटच्या आतील अस्तर हेच कार्य करतात. ज्याला हे कळले, तो हेल्मेट दंडाच्या भीतीने घालणार नाही.

पाली वाङ्मयातही 'संवेग' हा शब्द आहे. तेथे तो जीवनातील दुःख पाहून हेलावलेल्या, जागृत झालेल्या मनाची अवस्था सांगतो. एकाच शब्दाचे दोन अर्थ आणि एकाच अर्थाचे दोन शब्द, दोन्ही आपल्या विद्यार्थ्यांच्या वाट्याला येतात. शब्द म्हणजे ज्ञान नव्हे, हे त्यांना यावरूनच सांगता येईल.

अभ्यासक्रम पुरा करण्याची घाई आम्ही जाणतो. तथापि निवासी शाळेला सायंकाळ आणि मैदान दोन्ही लाभलेले असतात. एक चेंडू, वाळूचा खड्डा आणि 'असे का?' हा प्रश्न, एवढ्या साहित्यात हा पाठ होतो. सूत्र त्यानंतर फळ्यावर लिहावे. आणि परीक्षेत व्याख्येऐवजी कारण विचारावे. ज्यांच्या घरातील पहिलीच पिढी विज्ञान शिकत आहे, त्यांना अकरावीत उपयोगी पडेल अशी याहून भक्कम शिदोरी आम्हांस दिसत नाही.