चोरीच्या कथेतले गिऱ्हाईक

व्हित्तोरिओ दे सिका यांचा 'बायसिकल थीव्ज' (१९४८) हा चित्रपट साहित्याच्या वर्गात आजही दाखवला जातो. दाखवल्यानंतर चर्चाही होते. ती बहुधा नववास्तववाद, युद्धोत्तर रोममधली बेकारी, बाप आणि मुलगा यांचे नाते आणि शेवटच्या दृश्यात बापाने स्वतःच चोरी करू पाहणे, या ठरलेल्या थांब्यांवर थांबत पुढे जाते. आम्हीही वर्षानुवर्षे ती अशीच चालवली. या कथेत एक पात्र कधीच पडद्यावर येत नाही, हे आमच्या लक्षात अलीकडे आले, आणि तेही समीक्षेमुळे नव्हे, एका जुन्या रंध्यामुळे.

अंतोनियो रिच्चीची सायकल चोरीला जाते आणि दुसऱ्या दिवशी तो मुलाला व मित्रांना घेऊन रोमच्या जुन्या बाजारांत ती शोधू लागतो. पियात्सा व्हित्तोरिओ आणि पोर्ता पोर्तेझे या बाजारांतली ती दृश्ये आठवावीत. सायकल अखंड सापडणार नाही, ती सुटी करून विकली जाईल, हे अनुभवी मित्राला ठाऊक आहे. म्हणून एकाने टायर बघायचे, दुसऱ्याने सांगाडा, पोराने घंटी आणि पंप. एका विक्रेत्याकडच्या सांगाड्यावरचा क्रमांक तपासायला पोलिसाला बोलावले जाते. क्रमांक जुळत नाही. या सगळ्यात चोर आहे, ज्याची चोरी झाली तो आहे, विक्रेता आहे, पोलीस आहे. रविवारी सकाळी चार पैसे वाचवायला त्याच बाजारात आलेला, घंटी वाजवून पाहणारा, खाली-वर भाव करणारा माणूस मात्र गर्दीचा भाग म्हणूनच उरतो. त्याच्यावाचून चोरीला अर्थ नाही. चोराला सायकल नको असते, पैसे हवे असतात, आणि ते पैसे गिऱ्हाईक देते.

चित्रपट ज्या कादंबरीवर बेतला ती लुईजी बार्तोलिनी यांची. १९४६ साली प्रसिद्ध झालेली. तिच्यातला निवेदक मजूर नाही, कलावंत आहे. झावात्तिनी आणि दे सिका यांनी त्याच्या जागी भिंतीवर जाहिराती चिकटवणारा बेकार माणूस आणला, आणि सायकल ही वस्तू न राहता हत्यार झाली. या बदलावर जेवढे लिहावे तेवढे थोडे. हौशी माणसाची सायकल गेली तर तो चिडतो. ज्याची नोकरीच सायकलीवर अवलंबून आहे त्याची गेली तर घरातल्या चादरी गहाण टाकून सोडवलेली भाकरी जाते.

आता रंध्याविषयी.

लाकूडकामाची हौस आम्हाला उतारवयात लागली. आमचे वडील कारखान्यात टर्नर होते. हाताने काम करण्याविषयी आमच्या मनात जो आदर आहे तो मुख्यतः ते काम न केल्यामुळे टिकून आहे. नवा चांगला लोखंडी रंधा महाग पडतो, म्हणून आम्ही आंतरजालावर जुन्या हत्यारांच्या जाहिराती पाहू लागलो. एका रात्री अकराच्या सुमारास एक छायाचित्र दिसले. स्कूटरच्या सीटवर वर्तमानपत्र पसरलेले, त्यावर एक लोखंडी रंधा, तीन पटाशा आणि एक गुण्या. सगळ्याचे मिळून ८०० रुपये. आम्हाला आनंद झाला आणि त्याच क्षणी किंचित भीतीही वाटली.

भीतीचे कारण किंमत हे तर होतेच, पण त्याहून अधिक पटाशांची धार. छायाचित्रातही ती चमकत होती. निवृत्त झालेले हत्यार गंजते. माळ्यावरून काढून विकायला आणलेल्या पटाशीवर तांबूस थर असतो, मुठीवर धूळ असते. ही हत्यारे कालपर्यंत कोणाच्या तरी हातात होती. मुठींवर तापल्या खिळ्याने डागलेली दोन अक्षरे होती. आपल्याकडे भांड्यांवर नाव घालण्याची चाल आहे, तशी कारागिरांत हत्यारावर खूण करण्याची. भांड्यावरचे नाव लग्नात कोणी काय दिले याची आठवण ठेवण्यासाठी असते. हत्यारावरची खूण मात्र चोरीच्या भयातूनच जन्मते. दहा सुतार एका जागी काम करतात तेव्हा पटाशी कोणाची, हा प्रश्न रोज संध्याकाळी पडतो.

पुण्या-मुंबईत नव्या घरांचे फर्निचर करणारे कित्येक कारागीर राजस्थानातून, उत्तर प्रदेशातून आलेले असतात. अर्धवट बांधलेल्या सदनिकेतच राहतात, तिथेच झोपतात, हत्यारांची पेटी उशाशी. पेटी गेली तर दुसऱ्या दिवशीची मजुरी गेली. तक्रार करायची तर पावती कुठे आहे? रंधा काकाने दिलेला, पटाशा गावच्या लोहाराकडून घडवलेल्या. ज्याची चोरी झाली त्याच्याजवळ मालकीचा पुरावा नाही आणि ज्याने चोरले त्याच्याजवळही नाही. कागदाच्या दृष्टीने दोघे सारखेच. 'बिल मागा' हा शहाण्या माणसांचा सल्ला म्हणूनच आम्हाला फारसा उपयोगाचा वाटत नाही. ड्रिल मशीन चार्जरशिवाय विकायला असले किंवा त्यावरचा क्रमांक घासलेला असला तर संशय घ्यावा, हे ठीक. रंध्याला चार्जर नसतो.

या प्रश्नाचा विचार आपल्या परंपरेने केलेला नाही असे कोणी समजू नये. अस्वामिविक्रय, म्हणजे मालक नसलेल्याने केलेली विक्री, हे मनुस्मृतीतल्या अठरा व्यवहारपदांपैकी एक. उघड बाजारात, लोकांसमक्ष घेणाऱ्याला मनु दंडातून सोडतो, पण वस्तू मूळ मालकाकडे परत जाते. कौटिल्य खरेदीदाराला विचारायला लावतो की ही तुला कुठून मिळाली. ती कशी मिळाली हे सांगता आले पण विकणारा दाखवता आला नाही, तर वस्तू परत करून सुटका. याज्ञवल्क्य मात्र गिऱ्हाइकाकडे थेट बोट दाखवतो. हीन माणसाकडून, गुपचूप, हीन किमतीला, अवेळी घेणारा तो चोरच. 'हीन' म्हणजे ज्याच्यापाशी अशी वस्तू असणे संभवत नाही असा, हे मिताक्षरेने स्पष्ट केले आहे. रात्री अकरा वाजता, खोलीत एकट्याने, ८०० रुपयांच्या छायाचित्राकडे बघताना आम्हाला हे वचन आठवावे यात नवल नव्हते. आंतरजालावरची दुकाने रात्रभर उघडी असतात आणि तिथे साक्षीला कोणी नसते. म्हणजे गुप्तता आणि अवेळ या दोन अटी आपोआपच पूर्ण होतात. उरली किंमत, आणि उरला माणूस.

आधुनिक कायदाही फार दूर गेलेला नाही. विकणाऱ्याकडे जेवढा हक्क आहे त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाही, हे १९३० च्या मालविक्री कायद्याचे २७ वे कलम सांगते. त्याला अपवाद आहेत, पण चोरीच्या मालाला त्यांचा आधार मिळत नाही. चोरीचा माल अप्रामाणिकपणे घेणे हा भारतीय दंड संहितेच्या ४११ व्या कलमाखाली गुन्हा होता. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमाने घेतली. दोन्हीकडे एक शब्दप्रयोग कायम आहे: माल चोरीचा आहे हे माहीत असणे, किंवा तसे मानण्यास कारण असणे. आमच्या मते साहित्याच्या अभ्यासकाने या शब्दप्रयोगावर थांबायला हवे. 'मला माहीत नव्हते' असे म्हणण्यासाठी आपण किती गोष्टी माहीत करून घ्यायच्या टाळतो! अर्ध्या किमतीत वस्तू घेताना विक्रेत्याला काही विचारू नये असे वाटते, ते संकोचामुळे नव्हे. उत्तर ऐकू आले तर ती वस्तू सोडावी लागेल, म्हणून.

शूद्रकाला हे कळले होते. 'मृच्छकटिका'त शर्विलक भिंतीला खिंड पाडतो, मापाची दोरी विसरल्यामुळे जानव्याने मोजमाप घेतो, आणि या कारागिरीवर आपण इतके लुब्ध होतो की चोरीचा माल पुढे कोणाच्या हातात पडतो याकडे दुर्लक्ष होते. तो पडतो मदनिकेच्या हातात. तिच्याच सुटकेसाठी चोरी झाली आहे. आणि ती दागिने ओळखते. गप्प बसली तर स्वातंत्र्य पदरात पडण्याजोगे आहे. ती बोलते, ते परत करण्याची युक्ती सुचवते. संस्कृत नाटकात चोरीचा माल समोर आल्यावर 'हे कुठून आणले?' असे विचारणारी व्यक्ती एक दासी असावी, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या नव्या साहित्याने चोराला सहानुभूती दिली, 'फकिरा'ने तर लुटीला न्यायाचे रूप दिले, आणि ते योग्यच झाले. पण स्वस्तात घेणाऱ्या मध्यमवर्गीयाचे चित्र आम्ही शोधू लागलो तर हाताला फारसे लागत नाही. तो बहुधा लेखकाच्या खुर्चीत बसलेला असतो.

असो. आम्ही ती हत्यारे बघायला गेलो. उपनगरातली एक जुनी चाळ. खाली उभा असलेला विशीतला मुलगा, पाठीला महाविद्यालयीन पिशवी.

"कोणाची आहेत?"

"बाबांची."

"बाबा कुठे आहेत?"

"नाहीत आता."

मृत माणूस हा चोराचा सर्वांत सोयीचा साक्षीदार, असे आमच्या मनात आले; आज ते लिहिताना लाज वाटते. आम्ही एक परीक्षा योजून गेलो होतो आणि तिचा आम्हाला अभिमानही होता. ज्याच्या घरात हत्यार वापरले गेले त्याला ते हाताळता येते. आम्ही रंधा त्याच्यापुढे धरला आणि विचारले, "याचं पातं कसं बसवतात, जरा दाखवता का?"

त्याने रंधा हातात घेतला, इकडेतिकडे फिरवला, आणि म्हणाला, "मला नाही येत, सर. बाबा हात लावू द्यायचे नाहीत. म्हणायचे, तू अभ्यास कर."

धारेविषयीही आम्ही विचारले. दर रविवारी आईच दगडावर घासून ठेवते, असे तो म्हणाला. हे आम्हाला रचलेले वाटले. विचार करून कळवतो असे सांगून आम्ही निघालो.

रिक्षात बसल्यावर वडिलांची कानस आठवली. ती आमच्या कपाटात आहे, तेल लावून ठेवलेली, आणि ती कशी धरतात हे आम्हाला ठाऊक नाही. कोणी ती घेऊन आम्हाला रस्त्यात उभे केले असते तर आम्हीही त्या परीक्षेत चोर ठरलो असतो. याज्ञवल्क्याच्या चार लक्षणांतले पहिले लक्षण किंमत नव्हते, माणूस होता. आणि चाळ बघून, वय बघून ते आम्हीही लावून मोकळे झालो होतो. तरीही ती हत्यारे चोरीची नव्हती असे आम्ही आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

दोन दिवसांनी फोन केला. "गेलं, सर," मुलगा म्हणाला. "तुम्ही काही कळवलं नाहीत ना."

कोणी नेले, असे आम्ही विचारले.

"एक मिस्त्री आले होते. त्यांनी काही विचारलं नाही. रंधा उलटा धरून एका डोळ्याने बघितला, मुठीवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवला, आणि पैसे दिले."