विश्लेषण : पारधीची परवानगी असूनही रत्नागिरीचा शेतकरी रानडुकरांपुढे हतबल का?

भाताचा दाणा भरू लागला, की कोकणातील खाचरांत रानडुकरांचे कळप उतरतात. ते खातात त्यापेक्षा तुडवतात अधिक. मंडणगडपासून राजापूरपर्यंत शेती सोडून देण्यामागच्या कारणांत हा उपद्रव आता ठळक आहे. कायद्यात पारधीची तरतूद असतानाही प्रश्न सुटत का नाही?

उपद्रव वाढला कसा?

रानडुकराच्या मादीचा गर्भकाळ सुमारे ११५ दिवसांचा असतो आणि एका वेतात साधारण चार ते सहा पिल्ले होतात. दुसरीकडे, घरटी माणसे मुंबईला गेल्याने जमिनी पड राहिल्या. तिथे माजलेल्या झाडोऱ्यात कळपाला दिवसा दडायला जागा मिळते आणि रात्री शेजारीच भात, नाचणी, कंदमुळे असे आयते खाद्य. नुकसानीला कंटाळून आणखी एक जण शेती सोडतो, पड वाढते आणि आडोसाही वाढतो.

कायदा काय सांगतो?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार रानडुकराची शिकार हा गुन्हा आहे. मात्र कलम ११ नुसार उभ्या पिकाला धोका ठरलेल्या रानडुकराच्या पारधीची लेखी परवानगी वन विभागाचा प्राधिकृत अधिकारी देऊ शकतो. कलम ६२ नुसार केंद्र सरकार ठरावीक प्रदेश व मुदतीपुरते प्राण्याला ‘उपद्रवी’ घोषित करू शकते. उत्तराखंडमध्ये २०१६ साली रानडुकरांबाबत तसे झाले. केरळची तशी मागणी केंद्राने मान्य केली नाही. त्यानंतर २०२२ मध्ये त्या राज्याने परवानगीचे अधिकार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या प्रमुखांना दिले.

मग परवानगी का पुरत नाही?

कळप येतो रात्री, परवानाधारक बंदूक असते मोजक्यांकडे आणि गावात उरलेले बहुतेक जण वयस्कर. मारलेले जनावर सरकारी मालमत्ता ठरते. शिवाय एक-दोन डुकरे मारल्याने कळप फक्त जागा बदलतो. अमेरिकेतील टेक्सासमध्ये मोकाट डुकरांची शिकार सर्रास होते, तरी ती आटोक्यात नाहीत. संख्या स्थिर ठेवायची तर दर वर्षी साधारण दोन तृतीयांश डुकरे कमी करावी लागतात, असा तेथील अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यामुळे तिथे अख्खा कळप एकदम मोठ्या पिंजऱ्यात पकडण्यावर भर दिला जातो. अर्थात तिथली डुकरे बाहेरून आणलेली, आपले रानडुक्कर इथल्याच जंगलाचा भाग. त्याला संपवणे हा उद्देश असू शकत नाही.

फासकीचा धोका कोणाला?

अधिकृत वाट अवघड वाटली, की तारेच्या फासक्या लावल्या जातात. त्यात डुकराऐवजी बिबट्या अडकल्याच्या घटना रत्नागिरी जिल्ह्यात वारंवार घडल्या आहेत. बिबट्या पहिल्या अनुसूचीत असल्याने अशा गुन्ह्यात किमान तीन ते कमाल सात वर्षांची कैद होऊ शकते. नुकसान एवढ्यावर थांबत नाही. डुकराची पिल्ले खाणारा इथला मुख्य शिकारी बिबट्याच आहे. म्हणजे फासकी शेतकऱ्याचाच राखणदार मारते.

विम्याचा आधार मिळेल?

पंतप्रधान पीक विमा योजनेत वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या नुकसानीचा समावेश खरीप २०२६ पासून करण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यासाठी राज्याने प्राणी आणि क्षेत्रे अधिसूचित करायची आहेत, तर शेतकऱ्याने ७२ तासांत छायाचित्रांसह नुकसान कळवायचे आहे. भात-नाचणीला याचा उपयोग होऊ शकतो. हापूस आणि काजूचा हवामानाधारित फळपीक विमा मात्र वेगळा आहे.

पुढे काय?

भरपाईने पीक परत येत नाही आणि कुंपण एकट्याला परवडत नाही. कोकणात तुकडे लहान, सातबारावर नावे अनेक आणि त्यातली निम्मी मुंबईत. म्हणून संपूर्ण मळ्याभोवती सामूहिक सौरकुंपण, पड जमिनीची साफसफाई आणि वन विभागाच्या देखरेखीखाली कळपनिहाय नियंत्रण हे तिन्ही एकत्र व्हायला हवे. त्याची सुरुवात चाकरमान्यांच्या संमतीपासून होते. गणपतीला गाव भरलेला असतो आणि भातही तेव्हाच पोटरीत येत असते. ग्रामसभेने हा विषय घ्यायचा तर याहून योग्य वेळ नाही.