रोपण स्नायूखाली की स्नायूवर?
कर्करोगामुळे स्तन काढल्यावर पुनर्रचनेसाठी सिलिकॉनचे रोपण छातीच्या स्नायूखाली किंवा स्नायूवर बसवितात. स्नायूखाली त्यास जाड आवरण लाभते. परंतु वेदना अधिक, आणि हातास जोर लावताना स्तनाचा आकार ओढला जातो. स्नायूवर हा त्रास टळतो, मात्र त्वचा पातळ असल्यास रोपणाच्या सुरकुत्या दिसतात. म्हणून तेथे पुष्कळदा पेशीविरहित त्वचेचा पडदा लावतात. तो मृत मानवाच्या, डुकराच्या वा गाईच्या त्वचेपासून सिद्ध होतो. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी श्राविकेने हे अवश्य विचारावे, संकोच कशाचा? कृत्रिम धाग्यांची जाळीही मिळते, आणि काही रुग्णांना दोन्ही लागत नाहीत. पुढे किरणोपचार असल्यास रोपणाभोवतीचे आवरण आवळण्याचा धोका वाढतो, हेही शल्यविशारदाशी आधीच बोलावे.