शिकार : कालचा पराक्रम, आजचा गुन्हा

डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातील एक वाघ शेकडो किलोमीटर चालत धाराशिव जिल्ह्यातील येडशीच्या रामलिंग अभयारण्यात आला. तो टिकेल का, याचे उत्तर निव्वळ कायद्यात नाही.

शेजारच्या नगर जिल्ह्यात १८०९ ते १८२९ या काळात रॉबर्ट मॅन्सफिल्ड नावाच्या एकट्या शिकाऱ्याने ९६१ माळढोक मारले. तेव्हा तो मर्दुमकीचा छंद होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तोच गुन्हा ठरवला. आज महाराष्ट्रात माळढोक दिसणे दुर्मीळ आहे. शिक्षेने गेलेला पक्षी परतत नाही.

म्हणून शिकारीची जुनी छायाचित्रे ‘राजेशाही थाट’ म्हणून मिरवणे आपण थांबवावे. ती संहाराची नोंदवही आहे, तशीच वाचावी.